पाचवी सुई

सत्यशीलाच्या मानेतली गाठ पहिल्यांदा तिसरीतल्या एका मुलीला दिसली. जून संपत आला होता. सत्यशीला फळ्यावर पाढा लिहीत होती आणि पदर खांद्यावरून सरकला होता. मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या गळ्याला काय झालं?"

तिनं हात लावून पाहिला. डाव्या बाजूला, हाडाच्या वरच्या खळग्यात सुपारीएवढं काहीतरी होतं. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच तिनं महिनाभर ते कुणाला दाखवलं नाही. अंगाला खाज सुटायची, झोपेत घामानं उशी भिजायची, साड्या कमरेला सैल व्हायला लागल्या होत्या. हे सगळं तिनं उकाड्यावर ढकललं. शेवटी नवरा सिद्धोधन, जो परभणीच्या कृषी विद्यापीठात कारकून होता, तिला दवाखान्यात घेऊन गेला. टीबीची गाठ असेल म्हणून डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. टीबी निघाला असता तर बरं, असं म्हणायची वेळ आठ दिवसांनी आली.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी एका कागदावर माणसाची आकृती काढली. डोकं, मान, छाती, पोट. छातीच्या खाली एक आडवी रेघ मारली.

"हा लिम्फोमा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तुमचा हॉजकिन प्रकारचा आहे. गाठी दोन ठिकाणी आहेत, इथं मानेत आणि इथं छातीत. दोन्ही या रेघेच्या वर. म्हणून दुसरी स्टेज. पहिली आणि दुसरी म्हणजे लवकर सापडलेला."

"लवकर सापडला," सिद्धोधननं तेवढंच परत म्हटलं.

"हो. पंधरा दिवसांनी एक केमो, अशा आठ. मध्ये चार झाल्यावर स्कॅन. आठ संपल्या की तीन आठवडे रेडिएशन. या स्टेजचे शंभरातले नव्वद पेशंट बरे होतात. बरे म्हणजे पूर्ण बरे."

सिद्धोधन आयुष्यभर तक्ते भरत आलेला माणूस. त्यानं विचारलं, "आणि दहा?"

"ते दहा कोण, हे आधी कळत नाही. म्हणूनच सगळ्यांना पूर्ण औषध."

परतीच्या गाडीत सिद्धोधन नव्वद नव्वद करत राहिला. सासऱ्यांना फोनवर नव्वद सांगितलं, मेव्हण्याला सांगितलं. सत्यशीला खिडकीतून कापसाची कोवळी रानं बघत बसली होती. तिच्या शाळेत बरोबर शंभर मुलं होती. त्यातली दहा वेगळी काढून भिंतीशी उभी केली तर किती दिसतील, ते तिला स्वच्छ दिसत होतं.

दैवशाला तिला पहिल्याच केमोच्या दिवशी भेटली. मोठ्या हॉलमध्ये ओळीनं खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीशी एक सलाईनचा स्टँड. शेजारच्या खुर्चीत एकोणतीस-तीस वर्षांची, काटक अंगाची बाई दोन्ही पाय वर घेऊन बसली होती. नर्स लाल औषधाची सुई घेऊन आली तशी ती नवऱ्याला म्हणाली, "रंगपंचमीच हाय की वो ही."

नवरा हसला नाही. उंच, खांद्यात वाकलेला माणूस होता. भारत नाव.

"कुठल्या तुम्ही?" सत्यशीलानं विचारलं.

"झरीच्या. परभनीकडची झरी."

"अगं बाई! मी परभणीचीच."

दैवशालालाही तोच आजार होता, हॉजकिन, दुसरी स्टेज. फक्त तिच्या छातीतली गाठ बरीच मोठी होती. तिला चार महिने खोकल्याचं औषध चालू होतं. भारतच्या मावसभावानं तिला इथं आणायला लावलं. तिला कुणी शंभर आणि नव्वद सांगितलं होतं का ते सत्यशीलाला कळलं नाही, म्हणून तिनंच सांगितलं. दैवशालानं बोटांवर हिशोब केला.

"म्हंजी दहा जात्यात," ती म्हणाली.

"नव्वद राहतात, असं म्हणायचं."

"तेच झालं की, बाई."

तिसरं औषध काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीतून यायचं. ते शिरेतून जाताना कोपरापर्यंत हात जळायचा. तेव्हा दैवशाला बोलायची थांबली. डोळे मिटून तिनं भारतचं मनगट धरलं आणि बाटली रिकामी होईपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या वेळेपासून दोघींनी एकत्र जायचं ठरवलं. सिद्धोधनच्या रजा संपत आल्या होत्या आणि भारतला खुरपणी-फवारणीची कामं सोडता येत नव्हती. दैवशाला आदल्या संध्याकाळी झरीहून यायची आणि सत्यशीलाकडं मुक्काम करायची. सकाळच्या गाडीनं दोघी निघायच्या. जाताना बोलायच्या. येताना एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर असायचं आणि पायाशी ओकारीसाठी प्लास्टिकची पिशवी. केस गळायला लागले तेव्हा सत्यशीलानं आरशावर टॉवेल टाकला. दैवशालानं सरळ नवऱ्याकडून वस्तरा फिरवून घेतला आणि डोक्याला रुमाल बांधून आली. "ऊस तोडताना असाच बांधते मी," म्हणाली. "फरक कायबी न्हाई."

दर हिवाळ्यात ती आणि भारत सांगलीकडं ऊस तोडायला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झाल्यापासून एकही साल चुकलं नव्हतं. त्यांची दहा वर्षांची मुलगी प्रियांका तेवढे महिने आजीजवळ झरीलाच राहायची.

"यंदा नाही जायचं," सत्यशीला म्हणाली होती.

"बगू," दैवशाला म्हणाली होती.

औषधाचा त्रास तिला जास्त व्हायचा. तोंड आतून सोलून निघायचं, भात गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. पण गाठ झपाट्यानं उतरत होती. तिसऱ्या वेळी तिनं सत्यशीलाचा हात धरून आपल्या मानेवर ठेवला. "बगा, सापडती का." सत्यशीलानं बोटं फिरवली. नव्हती. स्वतःच्या मानेवर फिरवली. खळग्यात तूरडाळीएवढं काहीतरी अजून लागत होतं. त्या क्षणी तिला दैवशालाचा हेवा वाटला.

चार केमो झाल्यावर दोघींचे स्कॅन एकाच दिवशी झाले आणि रिपोर्टसाठी पुन्हा एकाच दिवशी बोलावलं. त्या दिवशी डॉक्टर मॅडम रजेवर होत्या. दैवशाला बाकावर बसून राहिली, खिडकीवरच्या माणसानं सत्यशीलाकडंच दोन्ही पाकिटं दिली आणि पुढची तारीख सांगितली. "पाचव्या केमोला याल तेव्हा मॅडमना दाखवा."

एवढं बोलून त्यानं पुढच्याला हाक मारली.

पाकीट उघडायची हिंमत सत्यशीलाला स्टेशनवर झाली नाही. गाडी जालना सोडून पुढं आली तेव्हा दैवशालाच म्हणाली, "वाचा की आता. जे हाय ते हाय."

रिपोर्ट इंग्रजीत होता, तीन पानी. सत्यशीलानं आधी आपला काढला. आधीच्या स्कॅनमध्ये इथं गाठी होत्या, तिथं गाठी होत्या, आता त्या जागी काही पेटलेलं दिसत नाही. शेवटी, औषधाला पूर्ण प्रतिसाद. सक्रिय रोग दिसत नाही. ती ओळ तिनं तीनदा वाचली. मग दैवशालाचा उघडला. तिथंही तीच ओळ होती.

"काय हाय?"

"काही नाही," सत्यशीला म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "दैवशाला, काहीच उरलं नाही. तुझंही नाही, माझंही नाही. यंत्रात काहीच दिसत नाही."

समोरच्या बाकावरचा म्हातारा बघायला लागला. दैवशालानं रिपोर्ट हातात घेतला. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी तिन्ही पानं उलटून पाहिली. मग मोठ्यानं हसली.

"मंग आता सुया बंद!"

सत्यशीलाही हसली. नाकातोंडातून पाणी येत असताना, पदरानं डोळे पुसत हसली. बंद नाही, अजून चार आहेत, हे तिला माहीत होतं. डॉक्टर मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं आठ म्हणून. पण त्या वेळी तो आकडा तोंडातून काढायची इच्छा होईना. पंधरा दिवसांनी भेटणारच आहोत, तेव्हा मॅडम सांगतील. परभणीला उतरल्यावर दैवशालानं फलाटावर भज्यांची प्लेट घेतली आणि उभ्या उभ्या सगळी संपवली. दोन महिन्यांत तिनं एवढं खाल्लेलं सत्यशीलानं पाहिलं नव्हतं. झरीच्या बसमध्ये चढताना तिनं खिडकीतून हात हलवला.

पाचव्या केमोच्या आदल्या संध्याकाळी दैवशाला आली नाही. सत्यशीलानं तिच्यासाठी जास्तीचा स्वयंपाक केला होता. भारतचा फोन बंद लागत होता. सकाळी परस्पर स्टेशनवर येईल असं वाटलं. गाडी सुटली तरी ती फलाटावर दिसली नाही.

दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर दुसरंच कुणी होतं. डॉक्टर मॅडमनी सत्यशीलाचा रिपोर्ट बघितला. "उत्तम. आता न चुकता पुढचे चार. स्कॅन साफ आला याचा अर्थ औषध लागू पडतंय, एवढाच. यंत्राला दिसत नाहीत इतक्या थोड्या पेशी राहिलेल्या असू शकतात. तुमची ती मैत्रीण कुठं आहे?"

"आली नाही," सत्यशीला म्हणाली.

त्या केमोनंतर ती पाच दिवस अंथरुणातून उठली नाही. सहाव्या दिवशी, रविवारी, सिद्धोधनला घेऊन झरीला गेली. गावाच्या टोकाला पत्र्याचं घर होतं. दैवशालाची सासू कमलबाई अंगणात तूर पाखडत होती.

"गेले की वो परवा. टोळीसंगं. टरक आला व्हता."

"तिनं जायचं नव्हतं! तिचं औषध चालू आहे!"

"औषध?" कमलबाईनं सूप खाली ठेवलं. "आता कामून? मशीनीत कायबी निगालं न्हाई म्हनली. गावभर पेढे वाटले तिनं. बाईंनी सोता वाचून सांगितलं म्हनली."

सिद्धोधननं बायकोकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

टोळीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर कमलबाईकडं होता. तिसऱ्यांदा लावल्यावर लागला आणि बऱ्याच वेळानं दैवशाला फोनवर आली. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता.

"बाई! कशा हाव?"

"दैवशाला, परत ये. लगेच ये. औषध संपलेलं नाही. अजून चार राहिलेत आणि मग शेक द्यायचा आहे छातीला."

"आवो मी लय बरी हाय. सकाळधरनं मोळ्या बांधायले. खोकला न्हाई, काय न्हाई."

"दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं गं. डॉक्टर म्हणाल्या, बारीक काहीतरी आत राहिलेलं असतं. ते यंत्राला दिसत नाही."

"तुमीच वाचलं न्हवं?"

"वाचलं. पण मी अर्धंच सांगितलं. चूक झाली माझी."

"तसं कसं, बाई. कागदावर लिवलेलं कसं खोटं असंल?" तिच्या आवाजात राग नव्हता, समजूत घालत होती. "मी आता निगाले तर ह्यांचा कोयता मोडतोय. एकट्या मानसाला टोळीत कोन ठिवतंय? आन् खरं सांगू का, ती काळी बाटली आठवली तरी माझ्या पोटात ढवळतंय. बरं झाल्यावरबी कुनी इष पितं का? संक्रांतीला सुट्टी घेते, तवा जाऊ दोघी."

सत्यशीलानं डॉक्टर मॅडमना सांगितलं. दवाखान्यातल्या समाजसेविकेनं भारतशी दोनदा बोलणं केलं. तो दर वेळी 'आनतो' म्हणायचा. संक्रांत गेली. सत्यशीलाच्या आठ केमो झाल्या. रेडिएशनसाठी ती तीन आठवडे संभाजीनगरला नणंदेकडं राहिली. रोज दहा मिनिटं यंत्राखाली निजायचं आणि गळा भाजल्यासारखा घेऊन परत यायचं. दैवशाला अधूनमधून फोन करायची. जानेवारीत म्हणाली, "जरा खोकला झालाय, पाचटाची धूळ लय हाय हितं." फेब्रुवारीत म्हणाली, "घाम येतोय, पन हितं सगळ्यालाच येतोय." मग फोन यायचे थांबले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी दारात रिक्षा थांबली. भारत आधी उतरला, मग त्यानं आत वाकून दैवशालाला धरून उतरवलं. केस परत आले होते, आखूड, मुलासारखे. चेहरा सुजून रुंद झाला होता आणि गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. तीन पायऱ्या चढायला तिला दोनदा थांबावं लागलं.

"झोपता येत न्हाई," भारत म्हणाला. "आडवी झाली की जीव घुसमटतोय. बसूनच ऱ्हाती."

दैवशाला सत्यशीलाकडं बघत होती. सत्यशीलाचं अंग भरलं होतं, गालांवर रंग आला होता. "छान दिसायलाव," दैवशाला म्हणाली.

डॉक्टर मॅडमनी स्कॅन पाहिला आणि भारतला बसायला सांगितलं. छातीतली गाठ परत आली होती, पहिल्यापेक्षा मोठी, आणि आता रेघेच्या खाली, यकृतातही होतं.

"पन आमाला नव्वद म्हनलं व्हतं," भारत म्हणाला. "शंभरात नव्वद."

"ज्यांनी औषध पूर्ण घेतलं त्यांचे ते नव्वद. मध्येच सोडलेल्यांना तो आकडा लागू होत नाही."

"मंग आता किती?"

डॉक्टर मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "आता जास्त जोराची औषधं द्यावी लागतील. ती लागू पडली तर पुढं मुंबईला पाठवायचं. तिथं तिच्याच पेशी काढून ठेवतात, फार मोठा डोस देतात आणि पेशी परत घालतात. एवढं सगळं पार पडलं तर शंभरातले निम्मे."

भारत ओठ हलवत राहिला. पन्नास हा शब्द त्यानं मोठ्यानं म्हटला नाही.

सत्यशीला त्याच्या मागं भिंतीशी उभी होती. त्याच वेळी तिच्या मनात आलं, की दहातली ही निघाली. म्हणजे मी नव्वदातली. तो विचार क्षणभरच टिकला, पण त्याबरोबर अंगावरून गार वारं गेल्यासारखं बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तिनं स्वतः पकडलं. ती बाहेर आली. नळाखाली तोंड धरून बराच वेळ उभी राहिली. हिशोबही खोटा होता, तिच्या लक्षात आलं. कुणी दहात गेल्यानं दुसऱ्याची जागा सुटत नाही. पण बरं वाटायचं ते वाटून गेलं होतं.

दैवशालाला भरती करून घेतलं. मे महिन्यात तिला दोन वेळा जोराची औषधं दिली. पहिल्या वेळेनंतर चेहऱ्याची सूज उतरली आणि ती आडवी होऊन झोपायला लागली. सत्यशीलाच्या शाळेला सुट्ट्या होत्या. आठवड्यातून दोनदा ती जायची. मोसंबीचा रस न्यायची, दैवशाला दोन घोट घ्यायची.

एकदा भारत खाली गेला असताना दैवशाला म्हणाली, "बाई, एक इचारू? तवा गाडीत मी म्हनले सुया बंद. तुमी हसलाव. तुमाला वाटलं मी चेष्टा करायले?"

"नाही," सत्यशीला म्हणाली. खरं बोलायचं तिनं आधीच ठरवलं होतं. "मला माहीत होतं अजून चार आहेत. तुझं तोंड बघून सांगवलं नाही. मलाही त्या दिवशी तो विचार नको होता."

दैवशाला छताकडं बघत राहिली.

"तुमी सांगितलं असतं तरीबी मी गेले असते का काय, ते आता मलाच कळंना," ती म्हणाली. "गेलेबी असते." थोड्या वेळानं म्हणाली, "न्हाईबी."

पुढं ती त्या विषयावर बोलली नाही. प्रियांकाचं बोलली. तिला पाचवीला परभणीच्या शाळेत घालायचं होतं.

दुसऱ्या वेळेच्या औषधानंतर घरी सोडलं. आठव्या दिवशी पहाटे ताप आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी औषधानं जवळजवळ संपवल्या होत्या. तापाशी अंग कशाच्या जोरावर लढणार? गाडी करून दवाखान्यात पोचेपर्यंत ती बरळत होती. चौथ्या दिवशी, जूनच्या बारा तारखेला, सकाळी साडेदहाला ती गेली. सत्यशीलाला भारतनं फोन केला. "बाई, संपलं," एवढंच म्हणाला. सत्यशीला तेव्हा शाळेतल्या खोलीत नव्या पुस्तकांचे गठ्ठे सोडत होती. तिनं उरलेले गठ्ठे सोडले, पुस्तकं इयत्तेप्रमाणं लावली आणि मग मुख्याध्यापकांना सांगून निघाली.

सिद्धोधनला तिनं त्या रात्री सगळं सांगितलं. हसणं, भिंतीशी उभी असताना मनात आलेलं, सगळं.

"तू डॉक्टर थोडीच आहेस," तो म्हणाला. "वाचायचं तेवढं वाचलंस."

"तेवढं नाही वाचलं. तेच सांगायलेय मी."

त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नवे केस बोटभर वाढले होते.

चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच झरीला गेली. पेरणीची घाई चालू होती. भारत घरी होता. डोकं भादरलेलं, अंगावर बनियन. कमलबाईनं चहा केला आणि आत जाऊन बसली.

"भारतभाऊ, तुमच्याशी बोलायचं आहे," सत्यशीला म्हणाली, आणि तिनं गाडीतली गोष्ट सांगितली. रिपोर्टातली ओळ, दैवशालाचं बोलणं, आपलं हसणं. मध्ये एकदाही थांबली नाही. आपल्याला चार राहिल्याचं माहीत होतं हेही सांगितलं.

भारतनं ऐकून घेतलं. पायाच्या अंगठ्यानं तो अंगणातली माती उकरत होता.

"टरक यायच्या आदल्या दिवशी ती मला म्हनली व्हती," तो म्हणाला. "म्हनली, जायचं का दवाखान्याला? एकदा इचारून यावं का? मी म्हनलो, आता कशाला. मला बगवत न्हवतं, बाई. दर येळेला चार दिस ती त्या कोपऱ्यात पडून ओकायची. चल म्हनलो मी. मलाच बरं वाटलं."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. शाळेच्या गणवेशात प्रियांका आली, दप्तर काढलं, आणि सत्यशीलाला बघून दारातच थांबली. ती आईसारखी दिसत होती, विशेषतः कपाळ. सत्यशीलानं तिला जवळ बोलावलं. ती आली नाही. टक लावून तिच्या चेहऱ्याकडं, मग मानेकडं बघत राहिली आणि आत निघून गेली.

बसपर्यंत सोडायला भारत आला. फाट्यावर लिंबाखाली उभे असताना तो म्हणाला, "एक बोलू का? राग धरू नका."

"बोला."

"तुमी आता येत जाऊ नका."

तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"पोरगी इचारती, बाईला बी तेच झालं व्हतं न्हवं, मंग बाई कशा बऱ्या झाल्या. मला सांगता येईना. तुमी आलाव की ती परत इचारनार." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुमचं वाईट व्हावं असं न्हाई म्हनत मी. बरं झालं तुमचं. पन नका येऊ."

"परभणीच्या शाळेत घालायचं होतं तिला," सत्यशीला म्हणाली. "दैवशाला म्हणाली होती."

"बगतो मी. माजं मी बगतो."

जिंतूरकडून बस आली. गर्दी होती, पेरणीचं बियाणं आणायला माणसं परभणीकडं निघाली होती. सत्यशीला चढली आणि दांड्याला धरून उभी राहिली. बस सुटेपर्यंत भारत थांबला नाही. तो वळून गावाकडं चालायला लागला होता. कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं तेव्हा तिला त्याचं बोलणं पहिल्यांदा कळलंच नाही. मग तिनं पर्स उघडली आणि परभणी म्हटलं.

पुढच्या महिन्यात तिची तपासणी होती. सहा महिन्यांचा स्कॅन. तोही साफ आला.